लेकरांची रास

निजामाच्या राज्यातली गोष्ट. पेडगावाच्या अलीकडं, ओढ्याच्या दोन्ही अंगाला पसरलेलं आमचं गाव. अलीकडं कुणब्यांची घरं, पलीकडं धनगरांची वस्ती. गाव एवढं ऐसपैस, पण शाळा न्हाई! तशात पाटील म्हणाले, "औंदा सरकार माणसं मोजायलंय. लेकरं भरपूर निघाली तर शाळा मिळंल. पोरींना बी बसता येईल." झालं! माझ्या मनात लाडू फुटायला लागले. मला शिकायचं होतं, लय शिकायचं होतं.

मोजणीला परभणीहून कारकून आले. लाल टोपी, मेंदी लावलेली दाढी. आणि काय सांगू, गावात औषधाला लेकरू दिसंना! जिती लेकरं मोजली की दृष्ट लागते, म्हणून बायांनी सगळी दडवली होती. माझ्या मायची तर दोन गेलेली. तिनं आमा तिघा भावंडांना कणगीमागं कोंबलं.

"बाई, बच्चे किती?" कारकुनानं दारातून विचारलं.

"न्हाईत," माय म्हणाली.

न्हाईत? तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या! शाळा डोळ्यांदेखत चालली होती. मी ताडकन बाहेर आले.

"माय, खळ्यावर रास मोजताना आपण 'एक' म्हणतो का गं? पहिल्या मापाला 'लाभ' म्हणतो, मग दोन, तीन. म्हणून राशीला बरकत ऱ्हाते ना? मग आमाला बी तसंच मोजू दे की!"

मला वाटलं, आता पाठ सुजणार. कारकून मात्र खो खो हसले. माझ्या डोक्यावर हात ठेवून मोठ्यानं म्हणाले, "लाभ!"

मायनं डोळे मिटले, हात जोडले. मग हळूच म्हणाली, "दोन कणगीमागं हाय. तीन बी तितंच."

अगं बाई, मग काय विचारता! ही बातमी घरोघर पळाली. माळ्यावरून, गोठ्यातून, वैरणीखालून लेकरं निघाली. धनगरणी तर कडेवर, पाठीवर लेकरं घेऊन ओढा उतरून आल्या. "आमचं बी लाभ म्हणा, साहेब!" कारकुनाचा घसा बसला.

शाळा आली, मारुतीच्या देवळात भरली. पहिल्या दिवशी मास्तर पोरं मोजायला लागले. माझ्याकडं बोट करून म्हणाले, "एक."

माय भाकरीची पाटी डोक्यावर घेऊन शेताला निघाली होती. ती देवळासमोर थबकली आणि भर रस्त्यातून ओरडली, "ओ मास्तर! एक नगं, लाभ म्हणा!"