कोटीपोट कोणत्या अंगाला?

“मॅडम, माह्यं उत्तर चूक नाही.”

रेणुका पेपर घेऊन स्टाफरूमच्या दारात उभी होती. बीएच्या दुसऱ्या वर्षाची, दर्यापूरजवळच्या खेड्यातली. रोज एसटीने यायची. इंटर्नलमध्ये पासिंगला तिला एकच मार्क कमी पडला होता.

मी अमरावतीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. आता आर्ट्स-कॉमर्सच्या मुलांनाही दुसऱ्या शाखेचा एक विषय घ्यावा लागतो. त्यांच्यासाठी आमचा ‘प्राणिजीवनाची ओळख’ हा पेपर. बहुतेक जण टाइमटेबलमध्ये बसतो म्हणून घेतात. रेणुका मात्र पहिल्या बाकावर बसून मला प्रश्नांनी भंडावून सोडायची. ती माझी लाडकी होती, लपवत नाही.

प्रश्न सोपा होता. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाला चार कप्पे असतात. त्यातला सगळ्यांत मोठा म्हणजे कोटीपोट. भराभर खाल्लेला चारा आधी तिथे जातो, आंबतो आणि मग सवडीने चघळायला पुन्हा तोंडात येतो. हे कोटीपोट कोणत्या अंगाला असतं? दोन मार्क.

माझ्या नोट्सप्रमाणे उजव्या. सगळ्या वर्गाने उजव्या लिहिलं. रेणुकाने डाव्या.

“अगं, नोट्समध्ये आकृती आहे ना?”

“आहे न. पण आमची म्हैस फुगते तं डाव्या भकाळीतून फुगते. मंग पोट उजवीकडं कसं असन?”

भकाळी म्हणजे बरगड्यांच्या मागचा खोलगट भाग. मी “बघते” म्हणून तिला वाटेला लावलं. मग लायब्ररीतून जाडं पुस्तक काढलं. डाव्या. दुसरं काढलं. डाव्याच. कधीतरी आकृती उतरवताना मी बाजू उलटी केली होती आणि तेव्हापासून तीच फळ्यावर काढत होते.

मी विभागप्रमुखांकडे गेले.

“मार्क पोर्टलवर चढलेत, मॅडम,” ते म्हणाले. “आता बदलायचे तर लेखी खुलासा द्यावा लागेल. तो तुमच्या फाइलला लागेल. शिवाय मुलांसमोर चूक कबूल केली की ती डोक्यावर बसतात.”

“मुलगी नापास होतेय, सर.”

“एक मार्क ना? पुढच्या वेळी निघेल.”

खरं सांगते, दोन दिवस मी गप्प बसले. रविवारी मात्र राहवलं नाही. म्हैस स्वतः बघावी म्हणून रेणुकाला फोन केला आणि दर्यापूरची बस धरली. रेणुका स्टँडवर घ्यायला आली होती.

तिची आई गोठ्यात होती. त्यांचा भाजीचा मळा आणि ही एक म्हैस. मी जरा लांबच उभी राहिले.

“या न जवळ. मारत नाही ते,” आई म्हणाली. माझा हात धरून तिने म्हशीच्या डाव्या भकाळीवर दाबून ठेवला. “आता थांबा जराशीक.”

काहीच होईना. मग आतून एक जड लाट उठली, माझा तळवा उचलला गेला आणि पुन्हा खाली बसला. थोड्या वेळाने पुन्हा. कोटीपोट चारा घुसळत होतं. हे मी कितीदा तरी फळ्यावर लिहिलं होतं.

“हे हालनं बंद पडलं का आमी डॉक्टरले फोन लावतो,” आई म्हणाली. मग माझ्याकडे नीट पाहत तिने विचारलं, “तुमी हेच शिकवता न?”

“हो.”

“अन् कधी हात नाही लावला?”

“नाही.”

“असू द्या. आता लावला न,” ती म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

सोमवारी मी खुलासा लिहून दिला. परीक्षा विभागाने तो दोनदा परत पाठवला, तिसऱ्यांदा घेतला. रेणुका पास झाली. वर्गात मी फळ्यावर आकृती नव्याने काढली आणि आधीची चूक माझी होती, असं सांगितलं.

मागून एक कॉमर्सवाला घाबरून उठला. “मॅडम, मंग आमचे दोन मार्क कापसान का?”

“नाही. तुम्ही मी शिकवलं तेच लिहिलंत.”

“म्हंजे चूक लिहिनाऱ्याले बी दोन, अन् मले बी दोनच?” रेणुका म्हणाली. वर्ग हसला. मीही. डोक्यावर कोणी बसलं नाही.

आता पोटाचा धडा आला की मी आधी विचारते, कोणाकोणाच्या घरी जनावरं आहेत? बरेच हात वर होतात. नोट्स मी त्यानंतर उघडते.