ती भेग मी भरली

“जरा हात दाखवा कोर्टाला.”

मालकाचा वकील म्हणाला. मी पिंजऱ्यात उभी. दोन्ही हात पुढं केले. सिमेंटनं खाल्लेले हात. पेरापेरांत चिरा.

“शिक्षण?”

“चौथी.”

“आणि ह्या तज्ज्ञ!”

तो मागं वळून हसला. मग मागची बाकं हसली. मालक रुमाल तोंडाला लावून हसला. माझ्या अंगाची नुसती लाही झाली.

बारा वर्षं घमेली वाहिली मी. मग थापी धरली. करमाडहून रोज शहरात येते. बाई गवंडी म्हणलं की मजुरांच्या नाक्यावरचे बापे अजून दात काढतात. काढू द्या.

खटला असा. मुकुंदवाडीत मालकाची तीन मजली इमारत, सगळ्या खोल्या भाड्यानं. दुसऱ्या मजल्यावर शोभा राहायची, शेंद्र्याला कंपनीत कामाला जायची. कपडे वाळत घालताना गॅलरी तिच्यासकट खाली आली. कमरेखालचं सगळं गेलं तिचं. कुणी वळवल्याशिवाय कुशीवर वळत नाय आता. कोर्टात प्रश्न एकच होता, मालकानं घ्यायची तेवढी काळजी घेतली होती का नाय?

माझ्या आधी मालकाकडून एक इंजिनिअर साहेब साक्ष देऊन गेले. त्यांना बसायला खुर्ची दिली. ते म्हणाले, “भेग दिसताच मालकांनी गवंडी बोलावून ती भरून घेतली. सामान्य घरमालकाकडून याहून जास्त अपेक्षा करता येत नाही.”

लई सोयीचं. मालक सुटला. उरला गवंडी.

तो गवंडी मी.

हे मी शोभाच्या वकीलबाईंनासुद्धा सांगितलं नव्हतं. गॅलरीचं काम जाणणारं कोण, असं विचारत त्या नाक्यावर आल्या, लोकांनी माझं नाव सांगितलं. मी पडलेली गॅलरी बघून आले, जाणकार म्हणून साक्षीला तयार झाले, पण खरं काय ते घशातच राहिलं. लाज वाटली. भीती पण वाटली, खोटं कशाला बोलू?

त्या दिवशी मालकानं मला नाक्यावरून नेलं होतं. गॅलरीचा कठडा भिंतीपासून सुटलेला. उभी भेग, वर रुंद, खाली बारीक. म्हणजे गॅलरी पुढं झुकत होती. गॅलरीची सळई वरच्या अंगाला पाहिजे. काँक्रीटचा माल ओतताना माणसं तिच्यावर नाचली की ती खाली दबते, मग गॅलरी कधीतरी भिंत सोडते. थापीच्या दांड्यानं ठोकून बघितलं. बद्द, पोकळ आवाज आला.

मी म्हणलं, “मालक, खालून टेकू लावा. गॅलरीचं दार बंद करा. सिमेंट भरून हे भागायचं नाय.”

“भेग भरायला आणलंय तुला, अक्कल शिकवायला नाय. तुमच्या लोकांना चार अक्षरं काय आली, लगेच साहेब झाले!”

तुमच्या लोकांना. आमच्या वस्तीत निळा झेंडा आहे. विहारात मीच पोरींना सांगते, मान ताठ ठेवा. आणि तिथं मी मान खाली घातली. भेग भरली.

एकच केलं. माझ्या पहिल्या मिस्तरीनं शिकवलेलं. भेगेचा भरवसा नसला की तिच्यावर काचेची पट्टी आडवी बसवायची, दोन्ही टोकांना सिमेंट. भेग हलली की काच तडकते. मालकाला दाखवून सांगितलं, “ही फुटली तर इथं कुणाला पाय ठेवू देऊ नका.” शोभा कामावर होती. परत जाऊन तिलाही सांगावं, हे मला सुचलं नाय. ती काच तिला रोज दिसत असंल. कशाची आहे ते तिला कोण सांगणार?

मालकानं मला ओळखलंच होतं. “ही भेग ह्याच हातांनी भरली,” वकील म्हणाला. “खरं की खोटं?”

कागद कुठंच नव्हता. नाय म्हणलं असतं तर खपून गेलं असतं.

“खरं.”

“म्हणजे चूक तुमची.”

“माझी हाय. गप बसले ती माझी. पण मालकाची येगळी हाय. तो तुकडा दाखवा जजसाहेबांना.”

पडलेल्या कठड्याचा तुकडा टेबलावर होता. त्याला अर्धी काच चिकटलेली. इंजिनिअर साहेबांनी रिपोर्टात तिला कचरा म्हणलं होतं.

“साहेब, ही काच मीच भेगेवर बसवली, फुटली तर गॅलरी बंद करा असं मालकाला सांगितलं. काच गॅलरीबरोबर फुटली असती तर फुटलेली कड कोरी असती. ह्या कडंला नख लावून बघा. रंग हाय. काच आधी फुटली, रंग नंतर दिला.”

जजसाहेबांनी नख लावलं. नखावर पिवळा पापुद्रा आला.

मालक उठला. “रंगाऱ्याचं काम ते! मी काय त्याच्या मागं उभा राहू?”

“व्हय. उभं राहायचं!” मी ओरडलेच. “तुमची लेक तिथं कपडे वाळत घालणार असती तर राहिला असता ना? तेवढीच काळजी घ्यायची. जास्त नाय.”

वकिलानं त्याला बाही धरून खाली बसवलं. मग माझ्याकडं बघून हळूच म्हणाला, “बाई, आता तुम्ही पण अडकणार.”

“अडकवा.”

शेवटी माझ्या जबानीचा कागद सहीसाठी पुढं आला. मी बोट ठेवून एकेक ओळ वाचली. सगळे ताटकळले. ताटकळू द्या. वर लिहिलं होतं, व्यवसाय मजुरी.

मी कागद परत सरकवला.

“मजुरी खोडा. गवंडी लिवा. आन् ती भेग मी भरली, हे खाली लिवलंय, त्यातला एक शब्द पण खोडू नका.”