दोन्ही डिस्क तंतोतंत सारख्या

गल्लीत त्यांना सगळे वैद्यबुवा म्हणत. औषधांशी त्यांचा संबंध नव्हता. लोकांचे आजारी कॉम्प्युटर ते बरे करत, जिन्याखालच्या दुकानात, चष्मा कपाळावर चढवून. डिस्क बंद पडली म्हणून कुणी रडत आलं की आधी खरडपट्टी, मग उपचार. "तहान लागल्यावर विहीर खणता होय? नक्कल का नाही काढून ठेवली?" गिऱ्हाईक बिचारं मान खाली घाली.

आणि ह्या माणसाच्या स्वतःच्या घरात जी वस्तू पुन्हा मिळणार नव्हती, तिची नक्कल नव्हती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय!

ती वस्तू म्हणजे त्यांच्या बायकोचा आवाज. घशाच्या कॅन्सरमुळे तिचं स्वरयंत्र काढावं लागलं. त्याआधी ती वरच्या खोलीत दार लावून बसली आणि लेकीच्या होणाऱ्या बाळासाठी तिने गोष्टी बोलून एका डिस्कवर भरून ठेवल्या. आवाज काही गोड नव्हता. तिने हाक मारली की पलीकडच्या इमारतीतला माणूस वळून बघे. "अगं, हळू!" असं वैद्यबुवा जन्मभर म्हणत आले. गोष्टी लेकीला इतक्यात पाठवायच्या नाहीत, हेही तिनेच बजावलं होतं. पोटुशी पोर, ऐकून रडत बसेल. बाळ आलं की पाठवा. ऑपरेशननंतर ती गळ्याला पाडलेल्या भोकातून श्वास घेई, नुसते ओठ हलवून बोले, आणि जेवणं झाली की दुकानात येऊन, कानाला हेडफोन लावून, आपलाच आवाज ऐकत बसे.

मग ती डिस्क टकटक करू लागली. त्या टकटकीचा अर्थ वैद्यबुवांना पुरता ठाऊक होता.

"मोठ्या दुकानात देऊया का?" बायकोने ओठांनी विचारलं.

हे त्यांना लागलं. "जगाच्या डिस्क मी वाचवायच्या आणि घरची दुसऱ्याच्या हाती द्यायची? काहीतरीच तुझं!"

नक्कल काढायला त्यांनी फुकटचे प्रोग्रॅम शोधले. फुकट ते पौष्टिक, पण पारख कडक. पहिला दिसायला देखणा, शेवटच्या बटणापाशी मात्र पैसे मागू लागला. "जेवायला बसवून ताट ओढतो मेला," म्हणत त्यांनी तो काढून टाकला. दुसरा आपल्याच कंपनीची डिस्क असल्याशिवाय दार उघडेना. तिसऱ्याचा पडदा काळा, अक्षरं पांढरी, नखरा नाही, आणि तो खरोखरच फुकट. हा आपला गडी! मोडक्या डिस्कमधलं कणभरही मागे राहू नये म्हणून रिकाम्या जागेसकट सगळं जसंच्या तसं उतरवायचं, असं त्यांनी ठरवलं.

नवी डिस्क त्यांनी मुद्दाम त्याच कंपनीची, तेवढ्याच आकाराची आणली. जोडी जमली की काम बिनचूक, असं त्यांचं मत. आजारी डिस्क पहिल्या वायरीला, नवी दुसरीला, हा नेम तर वर्षानुवर्षांचा. पण त्या सकाळी म्हाताऱ्या डिस्कला फिरायला लागायलाच अंमळ उशीर झाला, आणि जी आधी जागी झाली तिला कॉम्प्युटरने पहिली म्हटलं. पडद्यावर दोन ओळी आल्या. नाव एक, आकार एक. फरक होता तो शेवटच्या बारीक नंबरात, आणि चष्मा कपाळावर होता. पहिलीवरून दुसरीवर, असं त्यांनी सांगितलं. प्रोग्रॅमने दोनदा विचारलं, खात्री आहे का? दोन्ही वेळा त्यांनी हो म्हटलं.

दुपारी ओळ उमटली: दोन्ही डिस्क तंतोतंत सारख्या, एकही चूक नाही. ओळ खरी होती. वैद्यबुवांनी नवी डिस्क उघडली. रिकामी. जुनी उघडली. तीही रिकामी. मग चष्मा नाकावर ओढून त्यांनी नंबर वाचले. नव्या डिस्कचं रिकामपण जुनीवर उतरलं होतं. पुसलेलं परत आणता येतं, असं ते गिऱ्हाइकांना सांगत. त्यावर दुसरं काही लिहिलं गेलं तर मात्र येत नाही, हेही सांगत.

तेवढ्यात बायको आली. झालं का, असं तिने भुवया उडवून विचारलं.

"झालं," ते म्हणाले.

तिने हेडफोन लावले, डोळे मिटले. थोडं थांबून बोटाने खूण केली, आवाज वाढवा. भित्र्या माणसाने करावं ते त्यांनी केलं. आवाज वाढवला. तिने पुन्हा खूण केली. तेव्हा मात्र त्यांना राहवेना. त्यांनी हेडफोन तिच्या कानांवरून काढले.

"अगं, काही राहिलं नाही. माझ्या हातून पुसलं गेलं. सगळं."

ती उठली. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या, गळ्याच्या भोकातून वारा फसफसला आणि ती बोलू लागली. हात नाचवत, तोंड भरून, पूर्वी भांडायची तशी. दारात बूट काढणाऱ्या गिऱ्हाइकाने मानही वर केली नाही.

आणि जन्मभराच्या सवयीने वैद्यबुवांच्या तोंडून निघून गेलं, "अगं, हळू!"