पिवळ्या धातूची मूठ

दाराची पितळी मूठ हातात आली की मला ते प्रकरण अजून आठवतं. गेल्या महिन्यात तर त्यातलीच एक मूठ पुन्हा हातात आली. लग्नाच्या वाढदिवसाला मुलानं रत्नागिरीतल्याच एका हॉटेलात आमच्यासाठी दोन दिवसांची खोली घेतली. "बाबा, ब्रिटिश साहेबाचा बंगला आहे. जसाच्या तसा दुरुस्त केलाय," असं तो कौतुकानं सांगत होता. त्या बंगल्यातल्या सोळाही दारांचा पंचनामा मी केला होता.

खोलीच्या दाराशी मी जरा थांबलो, तर बायको म्हणाली, "अहो, दार उघडा ना! पाहणी कसली करताय?" मूठ हाताला गार लागली आणि जड लागली. अस्सल होती.

तेव्हा मी शहरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. हॉटेलचे मालक पुण्याचे. दरवर्षी येणाऱ्या एका वयस्कर पाहुण्या बाईंनी त्यांना कळवलं होतं की दारांच्या मुठी बदललेल्या वाटतात, पूर्वीसारख्या गार लागत नाहीत. मालक तडक रत्नागिरीला आले. पाहतात तो काय, सगळ्या मुठी दिसायला तशाच, पण वजनाला हलक्या. बंगल्याची ओळखच त्या मुठींवर होती. जाहिरातीत फोटोसुद्धा त्यांचाच.

मालक आले त्याच दुपारी पाळी संपवून निघालेल्या एका सफाई कामगार बाईच्या पिशवीत गेटवर एक मूठ सापडली. मॅनेजरनं मूठ ठेवून घेतली, बाईला घरी पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याला फोन केला. तो म्हणाला, "साहेब, रोज खोल्यांत एकटी जाणारी हीच. अस्सल काढायची आणि नकली लावायची, असं चाललं होतं. पंधरा गेल्या, शेवटची नेताना सापडली."

सरळ प्रकरण. मुद्देमाल हजर, संशयित हजर. ठाणे अंमलदारानं स्टेशन डायरीला नोंद घेतली, आम्ही पंच बोलावले आणि मूठ ताब्यात घेतली. पंचनाम्यात आम्ही सोन्याला सोनं आणि पितळेला पितळ म्हणत नाही. तपासणी होईपर्यंत सगळं 'पिवळ्या धातूचं' असतं. मीही सवयीनं 'पिवळ्या धातूची मूठ, एक नग' असं लिहून घेतलं. कागदाला जेवढी शंका होती तेवढी मला नव्हती.

बाईची वाडी कोल्हापूर रस्त्याला, पालीच्या अलीकडे. घरझडतीला गेलो. वय पन्नाशीचं, नवरा वारलेला, लेक मुंबईला नोकरीला. बाबासाहेबांची तसबीर, तांदळाचा डबा, घासून लख्ख केलेली दोन पितळी भांडी. बाकी काही नाही. अंगणात पाचपन्नास माणसं जमली होती. चिडून मी तिथंच आवाज चढवला, "बाकीचा माल कुठं लपवलास? बोल!" माझ्यापेक्षा ती दोन-चार वर्षांनी मोठी होती, तरी मी अरेतुरेवर आलो. त्या वेळी त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

ती जीपकडे निघाली तेव्हा वाडीतले एक म्हातारे गुरुजी पुढे झाले. वाडीतल्या बुद्धविहाराची किल्ली बारा वर्षं तिच्याकडे होती. रोज सकाळी विहार उघडून झाडणं, दिवा लावणं हे तिचं काम. गुरुजी खालमानेनं म्हणाले, "बाय, किल्ली दे. हे मिटेपर्यंत राहू दे माझ्याकडं." तिनं कमरेची किल्ली काढून दिली. झडतीत तिच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, ते तेव्हा आलं. मी घड्याळ पाहिलं आणि चालकाला गाडी काढायला सांगितलं.

ठाण्यात महिला हवालदाराला समोर बसवून मी विचारपूस सुरू केली. माझा प्रश्न एकच, बाकीच्या मुठी कुठं आहेत. तिचं उत्तर एकच, "मला ठाव नाय, साहेब."

"मग ही पिशवीत चालत आली काय?"

त्यावर ती गप्प. खोटं बोलणारा बहुधा प्रश्न संपायच्या आत उत्तर देतो, हे मी नव्या पोरांना नेहमी शिकवत असे. पण त्या दिवशी माझंच शिकवणं मी विसरलो. तिचं गप्प बसणं मी कबुली धरलं आणि जेवायला गेलो.

परत आलो तर महिला हवालदार दारातच उभी. "साहेब, बाई बोलली. ती म्हणते, आमसुलं मागवा."

"आमसुलं? कढी करायचीय का इथं?"

हवालदार हसली नाही. तिनं बाईलाच पुढे बोलावलं.

"पावसाळ्यानंतर मुठी उजळेनात, साहेब," बाई सांगू लागली. "मॅनेजर रोज वरडायचा, कामचोर म्हणायचा. बाटलीतल्या औषधानं घासून हात सोलले माझे. आमसुलानं घासू दे म्हटलं, तर म्हणाला, असले गावठी उद्योग खोल्यांत केलेस तर घरी बसवीन. एक मूठ ढिली झाली होती. म्हटलं, घरी नेऊन घासते, सकाळी आणून लावते. मगाशी ह्ये सांगितलं असतं तर नोकरी जात होती. आता किल्लीच गेली. नोकरीचं काय घेऊन बसू?"

समोरच्या खानावळीतून मूठभर आमसुलं आली. पंचांना पुन्हा बोलावलं. हवालदारानं आधी माझ्या टेबलावरची पितळी घंटी तिच्यापुढे ठेवली. ती मी बदलून आल्यापासून काळीच होती, माझा समज की तिचा रंगच तो. बाईनं भिजवलेलं आमसूल चोळलं आणि घंटी पिवळीधमक झाली. मग तिनं मूठ घेतली. चार हात फिरले आणि पिवळा रंग निघून खाली पांढुरका, हलक्या जातीचा धातू दिसायला लागला.

अस्सल मुठी चोरणारी बाई नकली मूठ पिशवीत घालून बाहेर कशाला नेईल? हा प्रश्न मला सकाळीच पडायला हवा होता. मॅनेजरनं 'अस्सल' म्हटलं आणि मी हातात घेऊन वजनसुद्धा पाहिलं नाही. स्वतःचा असा राग मला नोकरीत फार कमी वेळा आला.

पुढचं काम तासाभराचं. बंगल्याची कामं करणाऱ्या सुताराला बोलावलं. पावसाळ्यात हॉटेल बंद असताना मॅनेजरनंच गोणीभर नव्या मुठी आणून दिल्या आणि जुन्या उतरवून घेतल्या, हे त्यानं पहिल्याच प्रश्नाला सांगितलं. मॅनेजर आधी मालकांचं नाव घेऊन बघत होता. मी रंग गेलेली मूठ त्याच्या पुढ्यात ठेवली, तसा तो खुर्चीत खचला. जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याकडून सोळाही मुठी परत मिळाल्या.

चार वाजता मी बाईला म्हटलं, "तुमचं काम झालं. रिक्षा बोलावतो, घरी जा."

ती उठली नाही. "रिक्षा नको. नेताना जीप आणलीत, सोडायला पण जीपच आणा. आणि तुम्ही या."

हवालदारानं माझ्याकडे पाहिलं. प्रभारी अधिकाऱ्यानं सुटलेल्या संशयिताला पोहोचवायला जायचं, हे कुठल्या नियमात नव्हतं. मी टोपी घातली आणि निघालो.

वाडीत सकाळचीच माणसं पुन्हा जमली. मी जीपमधून उतरलो आणि गुरुजींना म्हणालो, "यांचा काही दोष नाही. चूक आमची झाली."

बाई माझ्या शेजारीच उभी होती. शांतपणे म्हणाली, "मोठ्यानं सांगा, साहेब. सकाळी वरच्या घरापातुर ऐकू गेलं होतं."

मी मान वर केली. वरच्या घराच्या पडवीत दोन बाया उभ्या होत्या. घसा खाकरून मी पुन्हा सांगितलं, त्यांना ऐकू जाईल असं. "या बाईंनी चोरी केलेली नाही. त्यांना मी चोर ठरवलं, ती माझी चूक. मी त्यांची माफी मागतो." गुरुजींनी खिशातून किल्ली काढून दोन्ही हातांनी तिला दिली. तिनं ती कमरेला खोचली आणि मला म्हणाली, "चा घेऊन जा."

तपास कसा करावा हे मला माझ्या वरिष्ठांनी शिकवलं. चुकलेला तपास कसा मिटवावा हे त्या बाईनं शिकवलं. फाइल आपल्या टेबलावर बंद होते, पण माणूस राहतो तिथं जाऊन ती बंद करावी लागते, आणि तीही तेवढ्याच आवाजात. त्यानंतर निवृत्तीपर्यंत मला तीनदा असं परत जावं लागलं. तिन्ही वेळा मी जीपनंच गेलो.