हरलेल्यांच्या पैशांतून

आमच्या सेपमामाने जन्मात कधी पैज लावली नाही. घोड्यांवर नाही, कुत्र्यांवर नाही, फुटबॉलवर तर नाहीच. चॅपेलच्या विक्रीत केकचं वजन ओळखायचा खेळ असायचा, त्यालासुद्धा हा हात लावायचा नाही. एका नाताळात क्लबातल्या सोडतीत कुणीतरी गंमत म्हणून त्याच्या नावाने तिकीट घेतलं आणि नेमका त्यालाच भलामोठा हॅम लागला. भर बर्फात मामा तो खांद्यावर टाकून परत द्यायला निघाला. नोरामामी दारातून ओरडली, "अरे सेप, निदान रश्श्यापुरता तरी कापून ठेव!" मामाने मागे वळून बघितलं नाही.

घरातलं सातवं पोर म्हणून नाव सेप्टिमस. आयुष्य खाणीत गेलं, आणि खाणीतून वर आला की चॅपेलात, प्रार्थनेला; तिथं पत्ते-पैजा म्हणजे पाप. नाकासमोर चालणारा माणूस. मी त्याच्या बहिणीची मुलगी, एव्हरिल. शाळेत पोरांना जेवण वाढते आणि दर शनिवारी लॉटरीचं एक तिकीट काढते. दोनदा दहा-दहा पौंड लागलेत. बाकी सगळा आनंद.

खाण बंद पडल्यावर डरहॅमच्या ह्या कोपऱ्यात पैसा म्हणून जो आला तो लॉटरीचाच. बँडला नवी वाद्यं, क्रिकेटच्या मैदानाला छप्पर, गावच्या हॉलला नवे संडास. प्रत्येकावर लॉटरीची ती पाटी, नशीब फळावं म्हणून एका बोटावर दुसरं बोट चढवलेला हात. मामा हॉलमध्ये यायचा, चहा प्यायचा, आणि लघवीला लागली की रस्ता ओलांडून घरी जायचा.

"मामा, पाटी संडासाला आहे, तुला नाही चिकटणार," मी म्हणायची.

"माझं घर जवळ आहे," तो म्हणायचा. संपलं.

नोरामामीचा भाऊ आर्थर आणि मामा दुसऱ्या महायुद्धात एकाच तुकडीत होते. आर्थर सिसिलीत राहिला, बाविसाव्या वर्षी. मामा परत आला आणि काही वर्षांनी त्याने आर्थरच्या बहिणीशी लग्न केलं. मामी आयुष्यभर एकच मागत राहिली, "मला एकदा आर्थरच्या थडग्यापाशी घेऊन चल." आधी पैसे नव्हते, ते खरंच. नंतर पैसे आले, तेव्हा विषय निघाला की मामा बूट पुसायला बसायचा. बूट आधीच चकाचक असायचे.

मामी गेली त्या हिवाळ्यात हॉस्पिटलमध्ये तिने माझं मनगट धरलं. "माझं जाणं आता होत नाही. सेपला तिथं नेऊन उभा कर. तेवढं कर, एव्हरिल." मी हो म्हणाले. नाही कोण म्हणणार? आणि मला मेलीला वाटलं, होईल सहज.

मामीला पुरलं त्या दिवशी मामा रडला नाही. सँडविच खाल्लं, आलेल्यांचे कप विसळले, पुसले, फळीवर ओळीने लावले. लोक म्हणाले, धीराचा आहे. धीर कसला, ढिम्म होता नुसता.

पुढच्या वसंतात मिसेस हेसलॉप हॉलमध्ये आल्या. जुन्या सैनिकांची कामं करणाऱ्या बाई, कायम घाईत. लॉटरीच्या पैशांतून म्हाताऱ्या सैनिकांना ते जिथं लढले तिथं परत न्यायची सोय झाली होती. सोबतीच्या माणसाचं भाडंसुद्धा. मामाच्या डोळ्यांना मधलं दिसेनासं झालं होतं, फक्त कडेकडेचं दिसायचं, म्हणजे सोबत लागणारच होती.

"नको," मामा म्हणाला. "जुगाराचा पैसा आहे."

मिसेस हेसलॉप समजावायला लागल्या. तिकीट एक पौंडाचं. त्यातले साधारण निम्मे बक्षिसांना, थोडे सरकारला, थोडे दुकानदाराला, आणि अठ्ठावीस पेन्स चांगल्या कामांना. ते वेगवेगळ्या मंडळांकडे जातात, खेळाला एक, कलेला एक, जुन्या इमारतींना एक, गरजूंना एक. मंडळं अर्ज बघतात, माणसं बसून ठरवतात कुणाला द्यायचं. "तिथं नशिबाचा काही संबंध नसतो, मिस्टर काउल्टर्ड. सगळं विचार करून होतं."

"मामा, त्यात माझे शनिवारचेसुद्धा आहेत," मी मध्ये तोंड घातलं. "समज, मीच नेतेय तुला. पंधरा वर्षं भरतेय, एकदा वसूल तरी होऊ दे!"

मामाने मान वाकडी करून डोळ्याच्या कडेने माझ्याकडे पाहिलं. "जे जिंकतात त्यांचे पैसे ह्यात नसतात?"

"ते कशाला देतील? ते घेऊन जातात घरी."

"म्हणजे हरलेल्यांचे."

"हो रे बाबा, हरलेल्यांचे."

त्याने कप बशीत ठेवला. मग म्हणाला, "हरलेल्यांचे असतील तर चालतील."

मिसेस हेसलॉपना काही कळलं नाही. मलाही नाही. पण होकार मिळाला होता, आणि मिळालेल्या होकाराला फाटे फोडू नयेत.

जुलैत सिसिलीला गेलो. मरणाचा उकाडा. बसमध्ये अजून आठ-दहा म्हातारे, कोटावर पदकं, सोबत मुलगी नाहीतर नातू. ज्या पुलासाठी लढाई झाली होती तिथं बस थांबली. म्हातारे खाली उतरले आणि एकामागून एक रडायला लागले. एकमेकांचे खांदे धरून, अगदी पोरांसारखे. मी मामाकडे बघितलं. तो बाजूच्या लिंबाच्या बागेकडे तोंड करून उभा.

"काही आठवतंय?"

"तेव्हा धूळ जास्त होती," तो म्हणाला.

मला त्याला गदागदा हलवावंसं वाटलं. मामीने ह्याच्यासाठी जीव टाकला आणि हा धुळीचं सांगतोय!

दफनभूमी शहराबाहेर. पांढरे दगड, सारखे कापलेले, मध्ये गुलाब. रांग शोधून मी मामाला आर्थरसमोर उभा केला. मनात म्हटलं, मामी, झालं बाई तुझं काम. मोठ्याने वाचून दाखवलं, नाव, हुद्दा, तारीख, वय. सगळ्यात खाली घरच्यांनी निवडून दिलेली एक ओळ असते. ती मी वाचली, पण मला नीट उमगली नाही, म्हणून मनातच ठेवली.

मामा काठीवर दोन्ही हात ठेवून उभा होता. कुणी भाव विचारल्यावर सांगावं तशा आवाजात बोलायला लागला.

"आम्ही खड्ड्यात होतो. पाणी संपलं होतं. दिवसाढवळ्या मागे जाऊन पाणी आणायला एक जण हवा होता. कॉर्पोरलने पत्ते काढले. म्हणाला, ज्याचं पान सगळ्यात लहान तो जाईल. कुणावर अन्याय नको. मी म्हटलं, मी पत्त्यांना हात लावत नाही, चॅपेलात शपथ घेतलीय. सगळे हसले. आर्थर म्हणाला, ह्याचं पान मी काढतो. त्याने एक स्वतःचं काढलं, एक माझं. माझी इस्पिकची दुर्री निघाली."

मी त्याच्या कोपराला धरलं.

"मी म्हटलं, ते पान मी काढलेलं नाही. मग ते माझं कसं?"

"मामा..."

"खरंच होतं की ते. मी काढलंच नव्हतं. आर्थर म्हणाला, बरं बाबा, माझं धर. डबे उचलले आणि गेला. पुलाच्या अलीकडेच पडला." त्याने काठी जरा पुढे टेकवली. "मी रोज बघतो, एव्हरिल, कुठे चुकलं. सापडत नाही. शपथ घेतली होती, ती पाळली. पण त्या दिवसापासून आत काही हलत नाही. नोरा गेली तेव्हासुद्धा नाही हललं."

मला राग आला, खोटं कशाला सांगू. त्याच्या शपथेचा, त्याच्या बुटांचा, त्या विसळलेल्या कपांचा राग.

"मामीला सांगितलंस कधी?"

"तिने विचारलं नाही. लढाई संपल्यावर कॉर्पोरल त्यांच्या घरी गेला होता म्हणे. चहा पिऊन गेला. नोरा एवढंच म्हणाली."

आणि मग मला ती खालची ओळ उमगली.

"खाली काहीतरी असतं ना, घरच्यांचं?" मामाने विचारलं. "काय लिहिलंय?"

खोटं सांगणं सोपं होतं. शेजारच्या दगडांवर 'देवाच्या कुशीत' होतं, तेच वाचलं असतं तर ह्याला दिसणार थोडंच होतं? अठ्ठ्याऐंशी वर्षांचा म्हातारा, आता कशाला? पण मामीने मनगट कशासाठी धरलं होतं ते मला आता कळलं होतं.

मी वाचलं, "मित्राची पाळी होती. हा गेला. बहीण नोरा."

"परत वाच."

मी परत वाचलं.

लांब कुणाचा तरी नातू फोटो काढत होता. मामा वाकला, चाचपडत दगडावर हात ठेवला आणि ती ओळ बोटांनी शोधून काढली. एकेका अक्षरावरून बोट नेलं. शेवटच्या नावापाशी थांबला.

"दगड लग्नाआधीच बसले होते, तेव्हाच दिलीय तिने ही ओळ," तो म्हणाला. "म्हणजे तिला माहीत होतं. माहीत असून केलं माझ्याशी लग्न. आणि एकोणसाठ वर्षं वाट बघत होती, मी कधी सांगतो म्हणून."

तो रडला नाही. तसाच वाकून उभा राहिला, तळवा दगडावर दाबून. उन्हाने दगड तव्यासारखा तापला होता, मी टेकवलेलं बोट चटकन मागे घेतलं. त्याचा हात शेवटी मलाच धरून काढावा लागला.