बावीस मजल्यांचा डोंगर

माझं माहेर गिरगावातलं. तिथे कुठेही जायचं म्हटलं की आधी सहल कंपनीची पुस्तिका घरात यायची, वडील तिच्यावर लाल पेनाने खुणा करायचे, आणि शेवटी जेवण घरच्यासारखं मिळेल का, या एका प्रश्नावर सगळं अडायचं. सासर लालबागचं, मूळचं मालवणकडचं. इथे सहल नावाची भानगडच नव्हती. मे महिन्यात गावाला जायचं, गणपतीत गावाला जायचं, संपलं. त्यामुळे माझ्या दहा वर्षांच्या मुलीने जेवताजेवता जाहीर केलं की या सुट्टीत आपण हिमाचलातल्या बर्फाच्या डोंगरात, राष्ट्रीय उद्यानात जायचं, तिला मोनाल पक्षी खराखुरा बघायचाय, तेव्हा आम्ही हसलो. एकटे सासरे हसले नाहीत.

त्यांनी ताटातला भात कालवता कालवता विचारलं, "चलूचा किती आसा?"

नवऱ्याने मोबाइलवर बघून सांगितलं, की जिथे गाडीरस्ता संपतो तिथून वनखात्याच्या विश्रामगृहापर्यंत चार तासांची पायवाट आहे, सगळी चढाची. आपला धाकटा सात वर्षांचा, तो दादरला फुलबाजारातून चालतानाही कडेवर घे म्हणतो, तेव्हा विषय सोडा.

"मग उद्यापासून सुरू करूया," सासरे म्हणाले आणि ताकाची वाटी तोंडाला लावली.

सासरे एकाहत्तर वर्षांचे. ऐन उमेदीत गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, विणकर होते. गिरणी बंद पडल्यावर वीस वर्षं एका गोदामाच्या दारावर पहाऱ्याला उभे राहिले. सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली. बोलतात कमी, आणि घरात बोलतात ते मालवणीत. मी माझ्या गिरगावच्या मराठीत उत्तर देते. पंधरा वर्षांत आमचं एकदाही अडलेलं नाही. खरं सांगायचं तर नवऱ्यापेक्षा माझं त्यांच्याशी जास्त जमतं, आणि हे मी नवऱ्याच्या तोंडावर सांगते.

आमची चाळ पाडून तिथे बावीस मजली इमारत झाली, तिच्यात आम्ही सातव्या मजल्यावर राहतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता सासऱ्यांनी दोन्ही नातवंडांना खाली तळमजल्यावर उभं केलं, लिफ्टकडे पाठ करायला लावली आणि जिना दाखवला. पहिल्या दिवशी फक्त घरापर्यंत. मग रोज एक मजला वाढवायचा. बोलायचं नाही, नाकाने श्वास घ्यायचा, कठड्याला लोंबकळायचं नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, ज्याचा दम आधी जातो तो पुढे.

हे मला पटेना. दमणारा मागे राहतो, जगात सगळीकडे तसंच असतं. मी तसं म्हटलं. ते म्हणाले, मागे राहिला की त्याला वाटतं आपण एकटे. पुढे ठेवला की सगळे त्याच्या चालीने चालतात आणि कोणालाच दम लागत नाही. माझी मुलगी सरळ नाकाची आणि फटकळ, माझ्यावर गेलेली. तिने चार दिवस तोंड फुगवलं. पाचव्या दिवसापासून तीच धाकट्याच्या मागे उभी राहून "सावकाश रे, घाई नाही" म्हणायला लागली. मी हे घरातून ऐकलं आणि माझ्या हातातलं काम थांबलं. ही पोरगी भावाला सावकाश म्हणते, यासाठी मी दहा वर्षं घसा फोडला होता.

जिन्यात माणसं सगळी जुन्या चाळीतलीच, त्यामुळे लपून काही करता येत नाही. पहिल्या आठवड्यात दारं उघडी ठेवून लोक बघायचे. "काय ओ, लिफ्ट बंद हा काय?" मग कळल्यावर कोणी पाणी देऊ लागलं, कोणी कोकम सरबत. सासऱ्यांनी सरबत बंद केलं, पाणी चालू ठेवलं. मुलांनी मजल्यांना नावं पाडली. नवव्या मजल्यावर रोज संध्याकाळी कोणाकडे तरी मासे तळले जायचे, ती बांगडा खिंड. चौदाव्यावर गणपतीची मखरं रचून ठेवलेली, ते जंगल. एप्रिल उजाडला तेव्हा दोघांच्या पाठीवर शाळेची दप्तरं आणि त्यांत किलो किलो तूरडाळ होती, आणि सासऱ्यांच्या पिशवीत पाच किलो तांदूळ. ते रोज त्यांच्याबरोबर वरपर्यंत जायचे. मला वाटायचं, पोरांवर लक्ष ठेवायला जातात.

एकदा मीही गेले. सतराव्या मजल्यावर माझ्या छातीचा भाता झाला. सासऱ्यांनी मला सगळ्यांच्या पुढे आणून उभं केलं, आणि माझा सात वर्षांचा मुलगा माझ्या मागून म्हणाला, "सावकाश गं आई." गच्चीवर पोचलो तेव्हा वरळीकडच्या समुद्रावर ऊन उतरत होतं. सासऱ्यांनी खिशातून लिंबाच्या गोळ्या काढल्या, प्रत्येकाला एक. शिवडीकडे, लोअर परळकडे बोट दाखवून ते धाकट्याला सांगत होते की इथे सगळीकडे गिरण्यांची धुराडी दिसायची, त्यांचे भोंगे ऐकू यायचे. मला त्या माणसाचा इतका अभिमान वाटला की मला तिथेच रडू आलं. दम लागलाय असं सांगून मी तोंड फिरवलं.

आणि रडू यायला दुसरंही कारण होतं, ते आता सांगते.

वनखात्याच्या परवानगीचा अर्ज नवऱ्याने मार्चमध्येच भरला होता. अर्जात चार नावं. तो, मी, दोन मुलं. पासष्टच्या वरच्या माणसाला हृदयाच्या तपासण्या करून डॉक्टरचा दाखला जोडावा लागतो, अशी त्यात अट होती. ती वाचून नवरा म्हणाला, "बाबांना कशाला उगाच? उंचीवर काही झालं तर निस्तरणार कोण? ते राहतील इथे, शेजारी आहेतच. तू सांग त्यांना, तुझं ऐकतात." लोअर परळच्या काचेच्या कचेरीत बसून हा माणूस शंभर जणांना कामं वाटतो, आणि बापाला एक वाक्य सांगायला याला बायको लागते. मी हे त्याला म्हणाले. पण सांगायचं काम घेतलंच.

आणि सांगितलं नाही. उद्या सांगू, रविवारी सांगू असं करत महिना गेला. एकदा आम्ही दोघं मेथी निवडत बसलो होतो, तेव्हा त्यांनी सहज विचारलं, "नावां धाडलीत?"

"धाडली, बाबा," मी म्हणाले.

कोणाकोणाची, ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. मी परळच्या एका हॉस्पिटलात रेकॉर्ड विभागात काम करते. एक दाखला मिळवायला मला फार तर दोन चकरा पडल्या असत्या. माझ्या गेंड्याच्या कातडीचं मला अजून नवल वाटतं.

ते मात्र कामाला लागले होते. मुलांचे बूट त्यांनी दोन महिने आधी घ्यायला लावले आणि जिन्यावर घालून मऊ करवले. दोरी कशी बांधायची म्हणून विणकराची गाठ शिकवली, साच्यावर तुटलेला धागा जोडताना मारतात ती, बारीक आणि ओढली की आणखी घट्ट होणारी. थंडीच्या कपड्यांचे चार गठ्ठे करून त्यांनी प्रत्येकावर जुन्या साडीची वेगळ्या रंगाची चिंधी बांधली, म्हणजे गर्दीत आपलं कुठलं ते धाकट्यालाही कळावं. गठ्ठे चार आहेत हे माझ्या डोळ्यांसमोर होतं. पाचवा नंतर करतील, असं मी स्वतःला सांगितलं.

निघायला बारा दिवस होते तेव्हा परवानगीचं पत्र ईमेलने आलं. नवऱ्याने छापून आणलं. जेवायच्या वेळी मुलीने ते ऐटीत उभं राहून वाचायला घेतलं. चार नावं वाचून झाली, तिने पान उलटलं, पुन्हा सुलटं केलं.

"आजोबांचं नाव कुठाय?"

नवरा पाण्याचा ग्लास शोधू लागला. ग्लास त्याच्या समोरच होता. मी पातेल्यातला भात उगाच सारखा करू लागले. मी, जिचा आवाज पाचव्या मजल्यापर्यंत जातो.

सासरेच बोलले. "माजा काय, मी बदली."

बदली म्हणजे काय ते मुलांना ठाऊक नव्हतं. मग त्यांनी भाकरी मोडत मोडत सांगितलं. गिरणीत लागले तेव्हा पहिली काही वर्षं ते बदली कामगार होते. रोज सकाळी डबा घेऊन, कपडे करून गेटावर जाऊन उभं राहायचं. आत कोणी कामावर आला नसेल तर जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, बाहेर येऊन नाव पुकारायचा, मग आत जायचं. नाही पुकारलं तर डबा घेऊन परत. पण तयारी पूर्ण ठेवायची, कारण हाक आली आणि आपण तयार नसलो तर चूक आपली. "आता तुमच्यातल्या कोणाचो पाय मुरगळलो, कोणाक ताप इलो, तर मी आसंयच," ते म्हणाले आणि हसून नातीच्या ताटात आपला माशाचा तुकडा वाढला.

मुलगी जेवली नाही. धाकटा म्हणाला, "मग मीच आजारी पडतो." ते ऐकून नवरा ताटावरून उठला. त्या माणसाला मी पंधरा वर्षं ओळखते, त्याचे कान लाल होते. मी त्याला स्वयंपाकघरात गाठून बोलायचं ते बोलले. शेवटी तो एवढंच म्हणाला, "मला भीती वाटते गं त्यांची." म्हणजे त्यांना काही होईल याची. ते मला कळलं. पण मी म्हटलं, भीती तुझी आणि घरी बसायचं त्यांनी, हा कुठला न्याय?

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी हॉस्पिटलच्या जिन्यात उभी राहून उद्यानाच्या कचेरीत फोन लावला. सहाव्या वेळी लागला. पलीकडचा कारकून मवाळ होता. हिंदीत म्हणाला, ताई, नाव वाढवता येईल, जागा आहे, पण पाच दिवसांत दाखला जोडून पाठवा, नंतर यादी बंद. मी लगेच आमच्या हृदयविभागात जाऊन डॉक्टरबाईंच्या हातापाया पडले. पट्ट्यावर चालवायची तपासणी, एको, सगळं उद्या सकाळी करून देते म्हणाल्या. मी हवेत चालत घरी आले.

सासरे खिडकीपाशी धाकट्याच्या बुटाला नाडी ओवत होते. मी चप्पलही न काढता म्हटलं, "बाबा, उद्या सकाळी माझ्याबरोबर हॉस्पिटलात यायचं. तपासण्या करायच्यात, दाखला लागतो. तुमचं नाव घालतोय आपण."

त्यांनी बूट खाली ठेवला. उठले, कपाटातून त्यांची प्लास्टिकची पिशवी काढली, जिच्यात गिरणीचा जुना पास आणि सासूबाईंचा फोटो असतो. तिच्यातून एक चार घड्यांचा कागद काढून माझ्या हातात दिला.

दाखला होता. हृदय तंदुरुस्त, उंचीवर चालायला हरकत नाही. तारीख महिन्यापूर्वीची. वर शिक्का माझ्याच हॉस्पिटलचा.

दाखल्याची अट त्यांनी आमच्या बोलण्यातून कधीतरी ऐकली असणार. ते तीन दिवस सकाळी येऊन बाहेरच्या रांगेत उभे राहिले होते. केसपेपर काढला, रक्त दिलं, पट्ट्यावर चालले. मी तेव्हा दोन मजले वर बसलेली होते. त्यांचा केसपेपर आमच्याच खात्यात कुठल्यातरी फडताळावर येऊन पडला असणार, आणि मला पत्ता नाही. मग ते रोज पाच किलो तांदूळ घेऊन बावीस मजले कोणासाठी चढत होते, तेही मला आत्ता समजत होतं.

"मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं. माझा आवाज चढलेला होता, मला रडू आलं की तो चढतो.

"गेटावर उभ्या रवलेल्या माणसान आत हाक मारूची नसता," ते म्हणाले. रागाने नाही, नेहमीची गोष्ट सांगावी तसं. "हाक आतसून येवची लागता."

नवरा कचेरीतून आला, त्याने कागद वाचला.  मग त्याने लॅपटॉप उघडून अर्जाचं पान काढलं, आणि स्वतः न बसता माझ्याकडे सरकवलं. "तू भर," म्हणाला, "फोन तू केलास." मुलं दोन्ही बाजूंनी माझ्या खांद्यांवर चढून बसली. सासरे मागे गेले, स्वयंपाकघराच्या दारात, हात पाठीमागे बांधून.

मी पाचव्या रकान्यात त्यांचं पूर्ण नाव लिहिलं. मग बरोबर आहे ना, हे ताडून बघायला मोठ्याने वाचलं. आमच्यात सून सासऱ्यांचं नाव घेत नाही. पंधरा वर्षांत रेशनकार्डाच्या रांगेतसुद्धा मी ते कागदावर बोट ठेवून दाखवलेलं आहे. त्या संध्याकाळी पहिल्यांदा ते माझ्या तोंडून निघालं, त्यांच्या वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, सगळ्या घराला ऐकू जाईल असं.

दारातले सासरे ताठ झाले. त्यांचे हात आपोआप पाठीमागून सुटून बाजूला आले.

"हजर," ते म्हणाले.