लाकडाखालचा इपॉक्सी

ब्रिस्टलला विमानाचे भाग बनवणाऱ्या कंपनीत नोकरी करत असताना मी दर शनिवारी रायफल क्लबला जायला लागले. तिथली मी एकटीच इंडियन. मला शिकवलं एका निवृत्त टूलमेकरने. सत्तरी ओलांडलेले, मोजकं बोलणारे गृहस्थ. डोळ्यांनी साथ सोडली तेव्हा त्यांनी आपली महायुद्धाच्या काळातली रायफल जुन्या रायफलींच्या स्पर्धेसाठी मला वापरायला दिली. तिच्यावर त्यांनी याच स्पर्धेत तीन कप जिंकले होते.

स्पर्धेचा नियम सोपा होता: सैनिकाच्या हाती पडली तशीच रायफल हवी, आतबाहेर काहीही आधुनिक नको.

स्पर्धेच्या आदल्या शनिवारी साफसफाईसाठी मी रायफलचा लाकडी दस्ता उतरवला. लाकडावर लोखंड टेकतं तिथे आतून राखाडी इपॉक्सीचा, म्हणजे दगडासारख्या घट्ट होणाऱ्या रासायनिक लुकणाचा थर होता. कामावर मी तो रोज बघायचे. लोखंड लाकडात घट्ट बसून नेम सुधारावा म्हणून हल्ली रायफलमध्येही तो भरतात. त्या युद्धात तो कुठून असणार?

माझ्या त्या गुरूंना बोलावून दाखवलं.

"लाकूड तडकलं होतं," ते म्हणाले. "आणि तपासणीत लाकूड कुणी काढत नाही."

तो आठवडा मला धड जेवण गेलं नाही.

"अगं, भरलं त्यांनी. तुझं काय चुकलं?" नवरा म्हणाला.

"पण माहीत तर मला आहे ना! पकडलं तर माझंच नाव येईल. आणि सांगितलं, तर त्यांचं."

स्पर्धेच्या सकाळी तपासनीसाने टॉर्च लावून स्क्रू पाहिले, पट्टा पाहिला आणि सहीसाठी फॉर्म पुढे सरकवला. "आत काही बदल?"

रायफलचे मालक माझ्या मागेच उभे होते. 'नाही' म्हणायचं ठरवूनच मी आले होते.

"आहे," मी म्हणाले.

तेवढ्यात ते पुढे झाले. "मी केलंय ते. हिचा काही संबंध नाही."

रायफल त्या गटातून बाद झाली. परतताना हायवेवरच्या सर्व्हिसेसला चहा घेताना ते म्हणाले, "दोन कप परत करतो. पहिला दुरुस्तीच्या आधीचा आहे."

नंतर दोन महिने ते क्लबला फिरकले नाहीत. फोन करावा तर धीर होईना. आपण एका म्हाताऱ्या माणसाची अब्रू घालवली, असंच वाटत राहायचं. मग एका रविवारी त्यांचाच फोन आला. "तो इपॉक्सी खरवडायचा आहे. मला नीट दिसत नाही. येशील?"

त्यांच्या शेडमध्ये दुपारभर आम्ही खरवडत बसलो. खाली खरंच तडा होता, बोटभर लांब. त्यांनी अक्रोडाच्या लाकडाचा एक तुकडा माझ्या हातात दिला आणि तड्यात बसवण्यासाठी तो कसा तासायचा ते सांगू लागले.